वायपर बर्फ काढायला नसतो

पुण्या-मुंबईत वायपर ही पावसाळ्यापुरती वस्तू. मे संपता संपता रबर तपासायचं, अनंत चतुर्दशी उलटली की विसरून जायचं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या आसपास, म्हणजे नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन या भागांत, गाड्यांच्या कंपन्यांमुळे बरीच मराठी घरं आहेत. तिथे नव्याने आलेला माणूस पहिल्या बर्फात हमखास एकच गोष्ट करतो: गाडीत बसतो, इंजिन सुरू करतो आणि काचेवरचा बर्फ उडवायला वायपर चालू करतो. सवय पावसातली. पण वायपरची मोटर, दांड्या आणि रबर हे सगळं काचेवरचं पाणी पुसायच्या हिशोबाने केलेलं असतं. वर चार इंच ओला बर्फ असला किंवा रबर काचेला गोठून चिकटलेलं असलं, तरी मोटर जोर लावतेच, आणि मग जे सगळ्यांत कच्चं असेल ते तुटतं.

नशीब बरं असेल तर फक्त फ्यूज उडतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा आणि अँपिअर बघून तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवला की काम झालं. रबर गोठलेलं असेल तर त्याची पातळ धार काचेला चिकटून राहते आणि फाटते. मग ब्लेड बदलेपर्यंत तिथे एक ओली रेघ राहते, आणि ती नेमकी नजरेच्या उंचीवर असते. तिसऱ्या प्रकारात लोक सगळ्यांत जास्त गोंधळतात: मोटरचा आवाज येतो, एक वायपर फिरतो, दुसरा जागचा हलत नाही. वायपरची दांडी खाचा असलेल्या निमुळत्या खुंटीवर बसवलेली असते आणि वरून एका नटने आवळलेली असते. जास्त जोर आला की दांडी त्या खाचांवरून घसरते. दांडीच्या बुडाशी असलेलं प्लास्टिकचं टोपण काढलं की नट दिसतो. स्विचने वायपर एकदा चालू करून बंद करायचे, म्हणजे खुंटी थांबायच्या जागी येते. मग दांडी काचेवरच्या तिच्या नेहमीच्या रेषेत धरायची आणि नट आवळायचा. खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र आवळून उपयोग नाही, दांडीच बदलावी लागते. चौथा प्रकार महागाचा. काचेच्या बुडाशी, काळ्या जाळीखाली, मोटरपासून दोन्ही वायपरपर्यंत जाणारे जोडदांडे असतात. त्यांचे प्लास्टिकचे सांधे निखळले की जाळी उघडण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम रस्त्याच्या कडेला, गारठलेल्या बोटांनी होत नाही.

म्हणून तयारी दिवाळीच्या सुमारास, पारा अजून शून्याच्या वर असताना करायची. पहिली ब्लेड. जुन्या पद्धतीच्या ब्लेडला धातूच्या कमानी असतात. त्यांच्या सांध्यांत बर्फ भरला की ब्लेड काचेच्या गोलाईबरोबर वाकत नाही, दोन्ही टोकं पुसली जातात आणि मधला पट्टा तसाच राहतो. यावर उपाय म्हणून दुकानात 'विंटर ब्लेड' मिळतं: तीच कमान, वर रबराचं कव्हर. ते चालतं, पण जड असतं, हायवेवर वाऱ्याने उचललं जातं, आणि कव्हरला बारीकसं छिद्र पडलं तरी आत पाणी शिरून गोठतं. माझं मत बीम ब्लेडला. त्याच्या आत एकच लवचीक पट्टी असते, बाहेर सांधे नसतात, त्यामुळे बर्फाला धरायला जागा कमी. लांबी दोन्ही बाजूंची वेगळी असते, ड्रायव्हरकडची बहुधा मोठी. मॅन्युअलमध्ये दिलेलीच घ्यायची. एक इंच लांब घेतलं तर जास्त पुसलं जाईल हा हिशोब चुकीचा आहे. टोक काचेच्या कडेच्या पट्टीवर आपटतं किंवा दोन्ही ब्लेड एकमेकांना लागतात.

बदलायला पाच मिनिटं पुरतात. बऱ्याच नव्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. तसेच उचलायला गेलं तर बॉनेटचा रंग खरवडतो. त्यांना आधी सर्व्हिस पोझिशनमध्ये आणावं लागतं. रीत गाडीगणिक वेगळी: कुठे इग्निशन बंद केल्यावर लगेच स्टिअरिंगजवळचा वायपरचा दांडा दाबायचा, कुठे स्क्रीनवरच्या मेन्यूत जायचं. वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहतात, मग दांडी उचलायची. टोकाला हुकासारखा आकडा असलेल्या दांडीत ब्लेडच्या मध्यावरची खिटी दाबून ब्लेड दांडीच्या बुडाच्या दिशेने सरकवलं की सुटतं. नवं उलट दिशेने ओढून 'टक' आवाज होईपर्यंत बसवायचं. या कामात एकच धोका आहे. ब्लेड नसलेली दांडी हातातून सुटली तर स्प्रिंगच्या जोराने तिचं उघडं लोखंडी टोक काचेवर आदळतं, आणि नव्या ब्लेडच्या नादात काच फुटते. काचेवर घडी केलेला जाड टॉवेल टाकल्याशिवाय दांडी उचलू नये. मागच्या काचेच्या वायपरलाही हेच नियम, फक्त त्याची आठवण कुणाला होत नाही.

मग वॉशर फ्लुइड. उन्हाळ्यात मिळणारं द्रावण ३२ फॅरनहाइटला, म्हणजे पाणी गोठतं तिथेच, गोठतं. हिवाळ्याचं मिथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथे सर्रास उणे २० फॅरनहाइटचं, म्हणजे उणे २९ सेल्सिअसचं, वापरतात. रंगावर जाऊ नये. निळं दोन्ही प्रकारांत मिळतं, बाटलीवरचा आकडा वाचावा. टाकीत अर्धं उन्हाळी द्रावण शिल्लक असताना वरून हिवाळी ओतलं तर मिश्रण बाटलीवरच्या आकड्याच्या कितीतरी आधीच गोठतं. म्हणून जुनं संपवायचं, नवं भरायचं, आणि चार-पाच सेकंदांचे फवारे थांबून थांबून मारायचे. नाहीतर टाकीत नवं, पण नळ्यांत आणि नोझलमध्ये जुनंच राहतं, आणि तेच आधी गोठतं. गोठलेल्या नोझलवर बटण दाबत राहिलं तर पंप जळतो. टाकीत इंजिनचं कूलंट ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, काचेवर त्याचा तेलकट थर बसतो. मिथेनॉल विषारी आहे, थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. गराजमध्ये बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तर कधीच काढून ठेवू नये.

काच आतून-बाहेरून धुणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि तेच टाळलं जातं. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडणारे अंश आतल्या बाजूने साचून पातळ तेलकट थर बसतो. तो दिवसा दिसत नाही. रात्री समोरच्या दिव्यांत काच पांढरी होते तेव्हा दिसतो, आणि आर्द्रता त्यावरच आधी धरते. अमोनिया नसलेला ग्लास क्लीनर, दोन मायक्रोफायबर कापडं, एक ओलं आणि एक कोरडं. बाहेरून रेन-एक्ससारखं पाणी झटकणारं कोटिंग लावायचं असेल तर काच पूर्ण कोरडी आणि हवा उबदार असताना लावावं. बर्फ त्यावरून सहज सुटतो हे खरं. पण कुठे लागलं, कुठे राहिलं असं झालं तर ब्लेड थरथरतं आणि लोक नव्या ब्लेडला दोष देतात.

टायरचं थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. ऑल-सीझन टायरचं रबर साधारण ७ सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं. विंटर टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. लावायचे तर चारही लावायचे. फक्त पुढचे दोन लावले तर पुढचं थांबतं आणि मागचं थांबत नाही, मग गाडी गरकन फिरते. बाहेरचं तापमान १० फॅरनहाइट उतरलं की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. पहिल्या थंडीत सकाळी पेटणारा टायरचा दिवा बहुतेक वेळा त्यानेच पेटतो.

बर्फाचा अंदाज असलेल्या रात्री वायपर उभे करून ठेवायचे की नाही, यावर इथे दोन पक्ष आहेत. उभे केले की रबर काचेला चिकटत नाही आणि सकाळी खरवडणं सोपं जातं. पण जोराचा वारा असेल तर उभी दांडी झटक्याने खाली येते आणि काचेला तडा जाऊ शकतो. शिवाय पूर्ण हिवाळाभर रोज उभी ठेवली तर स्प्रिंग सैल होत जातो असं बरेच मेकॅनिक सांगतात. माझी पद्धत मधली: वारा नसेल आणि फ्रीझिंग रेनचा, म्हणजे पडताक्षणी गोठणाऱ्या पावसाचा, इशारा असेल तरच उभे करायचे. एरवी कव्हर. कव्हर म्हणजे पुढच्या काचेवर टाकायचं जाड कापड, दोन्ही बाजूंचे कान दारांत दाबून धरायचे, वायपर त्याच्या आत. काच कोरडी असताना घातलं तरच ते काम देतं. ओल्या काचेवर घातलं तर सकाळी कापडच काचेला चिकटलेलं असतं, आणि बेडशीट किंवा पुठ्ठा वापरणाऱ्यांचं तर हमखास तसं होतं. लोहचुंबकवाली कव्हरं मी टाळतो, चुंबकाखाली वाळूचा कण आला की रंगावर ओरखडा. गाडी पूर्वेकडे तोंड करून लावा, सकाळच्या उन्हाने काच मोकळी होते, असा सल्लाही वाचायला मिळतो. डेट्रॉइटमध्ये जानेवारीत सूर्य आठच्या सुमारास उगवतो, तोपर्यंत अर्धं शहर कामाच्या रस्त्याला लागलेलं असतं.

रात्री गाडी बंद करताना वायपर आधी बंद करायचे, ते खाली येऊन थांबू द्यायचे, मग इंजिन बंद करायचं. पावसाची चाहूल घेऊन आपोआप चालणारे वायपर असतील तर 'ऑटो'ही बंद. नाहीतर सकाळी इंजिन सुरू होताच ते आपणहून गोठलेल्या रबराशी झगडू लागतात.

सकाळी कामाचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यांत आधी मागे जाऊन एग्झॉस्टची नळी मोकळी करायची. ती बर्फात बुडालेली असताना इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला ना वास ना रंग. याच कारणाने गराजमध्येही इंजिन गरम करत ठेवू नये, दार उघडं असलं तरी. मग इंजिन सुरू, डिफ्रॉस्ट (काचेवर गरम हवा सोडण्याची सोय) चालू, मागच्या काचेचा आणि आरशांचा हीटर चालू. हीटरची उष्णता इंजिनच्या पाण्यातून येते, त्यामुळे पहिली काही मिनिटं काचेवर गार वाराच येतो. तेवढा वेळ बाहेरच्या झाडलोटीला वापरायचा. मिशिगनमध्ये किल्ली आत ठेवून इंजिन चालू सोडून घरात जाणं २०१७ पर्यंत बेकायदा होतं, अगदी स्वतःच्या ड्राइव्हवेमध्येसुद्धा. त्या वर्षी कायदा बदलला आणि खासगी जागेत मुभा मिळाली. चोरांनाही ही बातमी आहे, तेव्हा रिमोट स्टार्ट असेल तर तोच वापरावा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं काम सोपं: चार्जरला लावलेली असतानाच फोनवरून आत उब सुरू करायची, बॅटरीचं अंतर खर्च होत नाही आणि काचही सुटलेली मिळते.

झाडलोट वरून खाली. आधी छत. छतावरचा बर्फ ठेवून निघालं की आतली उब लागून त्याचा खालचा थर सुटतो आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला सगळी लादी पुढच्या काचेवर येते. समोरचं दिसणं बंद, आणि वायपर त्या वजनाखाली दबलेले. नेमक्या त्या क्षणी माणूस वायपर चालू करतो. हायवेवर हीच लादी मागे उडून दुसऱ्याच्या काचेवर पडते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात छत साफ न करण्याला दंड आहे. छतानंतर काचा, मग बॉनेट, मग काचेच्या बुडाची ती काळी जाळी. हीटरला बाहेरची हवा याच जाळीतून मिळते. ती बर्फाने बुजलेली राहिली तर आत ओली हवाच फिरत राहते आणि काच कितीही पुसली तरी धुरकट. शेवटी दिवे. एलईडी दिव्यांची पुढची काच पुरेशी तापत नाही, त्यावर बसलेला बर्फ आपणहून वितळत नाही, तो हातानेच काढावा लागतो. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची काच आणि पुढच्या बंपरमधला रडारही पुसायचा, नाहीतर लेन आणि ब्रेकच्या मदतीच्या सोयी रस्त्यात मधेच बंद पडतात.

आता खरवडणं. भुसभुशीत कोरडा बर्फ ब्रशने जातो, तिथे स्क्रेपर लावूच नये. दहिवर आणि पातळ पापुद्र्याला प्लास्टिकचा किंवा पितळी पात्याचा स्क्रेपर. पितळ काचेपेक्षा मऊ असतं म्हणून चालतं. लोखंडी कालथा, चाकू, पट्टी ही अवजारं काचेवर ओरखडे पाडतात, जुनं क्रेडिट कार्ड थंडीत मोडतं. फ्रीझिंग रेनचा काचेसारखा गुळगुळीत थर असेल तर त्यावर स्क्रेपरच्या कोपऱ्याने ठोकायचं नाही. डिफ्रॉस्ट दहा-पंधरा मिनिटं चालू द्यायचं. काच आणि बर्फाच्या मध्ये पाण्याची पातळ फट तयार होते, आणि मग तोच थर मोठमोठ्या तुकड्यांत सुटतो. घाई असेल तर फवारा: दोन भाग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. फवारायचं, मिनिटभर थांबायचं, खरवडायचं. बाटली घरात ठेवायची. व्हिनेगर फवारायची टूम इंटरनेटवर फिरते, पण व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणीच. खऱ्या थंडीत ते स्वतःच गोठतं.

गरम पाणी ओतायचं नाही, कोमटही नाही. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये सुमारे पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी प्लास्टिकचा पडदा. फुटली तरी तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून हा पडदा असतो. काचेतून उष्णता सावकाश जाते. पाणी पडलेली जागा क्षणात प्रसरण पावते, शेजारची आणि आतली तशीच गार राहते, आणि या ओढाताणीत तडा जातो. धड काच एखाद वेळी हे सहन करतेही. पण कुठेतरी खड्याचा टवका उडालेला असेल तर तडा तिथून सुरू होऊन बघता बघता कडेपर्यंत धावतो. टवका असलेल्या काचेवर डिफ्रॉस्टसुद्धा आधी मध्यम ठेवून मग वाढवायचं. शिवाय ओतलेलं पाणी वायपरच्या बुडाशी आणि दाराच्या रबरात जाऊन गोठतं, ते वेगळंच. काच पूर्ण मोकळी झाली की ब्लेड हलकेच हाताने उचलून बघायचं. सहज सुटलं तरच वायपर चालू.

आतून धुरकट होणाऱ्या काचेचा उगम बहुतेक वेळा पायाखाली असतो: बुटांबरोबर आलेला बर्फ मॅटमध्ये वितळतो आणि रात्री तीच वाफ काचेच्या आतल्या बाजूला गोठते. उपाय म्हणजे कडा उंचावलेली रबरी मॅट, रोज पाणी ओतून टाकणं आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद. बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात बाष्प फार कमी असतं. ती तापवून काचेवर सोडली की आतला ओलावा शोषून घेते. डिफ्रॉस्टबरोबर एसीचा दिवा लागतो तेव्हा नवी मंडळी तो बंद करायला जातात. तो हवा कोरडी करायला असतो, राहू द्यावा. हाताने काच पुसू नये, बोटांचं तेल लागून पुढच्या वेळी तिथेच आधी धुरकटतं.

रस्त्यावर आल्यावर काचेचा शत्रू बर्फ नसून मीठ असतं. हे मीठ डेट्रॉइटच्याच पोटातून, हजार फुटांहून खोल खाणीतून निघतं, आणि साधारण १५ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ९ सेल्सिअसपर्यंत, नीट काम करतं. त्याखाली ते जवळजवळ निरुपयोगी, मग कॅल्शियम क्लोराइडसारखी रसायनं मिसळावी लागतात. पुढच्या ट्रकच्या चाकांखालून उडणारं खारट पाणी काचेवर वाळतं आणि समोरून ऊन आलं की फक्त पांढरं दिसतं. कोरडी काच वायपरने घासायची नाही, मिठाचे कण रबराखाली घासले जातात. आधी फ्लुइड, मग वायपर. आणि फ्लुइड मारण्याआधी काच गरम हवी. ताशी ७० मैलांच्या वाऱ्यात फ्लुइडमधलं अल्कोहोल झपाट्याने उडून जातं आणि मागे उरलेलं पाणी गार काचेवर तिथल्या तिथे गोठतं. मग काही सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. ट्रकला ओलांडायच्या आधी फवारा मारून काच स्वच्छ करून घ्यायची, ऐन मधोमध नाही. लांबच्या प्रवासात एक गॅलन एका दिवसात संपू शकतं, म्हणून डिकीत भरलेली बाटली असावी.

चालत्या गाडीत ब्लेडवर बर्फाचे मणी जमतात, टकटक आवाज येतो आणि पुसलेला भाग रेघोट्यांचा होतो. इथले लोक सिग्नलला खिडकीतून हात काढून वायपर काचेवर आपटतात. दांडी वाकवायची ती खात्रीची रीत. एक्झिट घेऊन, पार्किंगमध्ये थांबून, ब्लेड उचलून हातमोज्याच्या चिमटीत बुडापासून टोकापर्यंत दाबत न्यायचं, मणी फुटून पडतात. हवा काचेच्या बुडाशी, पूर्ण उष्णतेवर सोडली तर पुन्हा जमणं कमी होतं. मात्र थंडी कडक असेल आणि बर्फ पिठासारखा कोरडा असेल तेव्हा उलटं करून पाहावं: डिफ्रॉस्ट बंद, हवा पायांकडे, काच गार. गार काचेवर कोरडा बर्फ चिकटत नाही, वाऱ्याने उडून जातो आणि वायपर लागतच नाही. गरम काचेवर तोच वितळतो, ब्लेडकडे सरकतो आणि तिथे गोठतो. काच आतून धुरकटू लागली की अर्थातच डिफ्रॉस्टकडे परत.

चालवण्याबद्दल सांगायचं तर सगळ्यांत फसवं तापमान शून्याच्या आसपासचं. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पडदा असतो आणि पकड जवळजवळ नाही. उणे १५ सेल्सिअसचा दाबलेला बर्फ त्यापेक्षा बरा. पुलाला वरून-खालून दोन्हीकडून वारा लागतो, म्हणून रस्ता ओला असताना पूल गोठलेला असतो. पुलावर ब्रेक नाही, लेन बदल नाही, क्रूझ कंट्रोल तर मुळीच नाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर कोरड्या रस्त्यावर तीन सेकंद धरत असाल तर बर्फात आठ ते दहा. चारही चाकांना ताकद देणारा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लागलं की पेडल पायाखाली थडथडतं. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचं. पुढची चाकं घसरून गाडी वळेनाशी झाली तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, थोडं सरळ करा, ॲक्सेलरेटर सोडा, पकड आली की वळेल. मागचं टोक सुटलं तर जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच जोराने वेग कमी होण्याची सोय बर्फात सौम्य ठेवा, निसरड्या उतारावर ती ब्रेकसारखीच घसरवते.

राज्याच्या पश्चिमेला, कलमाझू-ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला, लेक इफेक्टचा बर्फ पडतो. विस्कॉन्सिनकडून येणारी गार हवा लेक मिशिगनच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून ओलावा उचलते आणि किनाऱ्याला लागल्यावर अरुंद पट्ट्यांत ओतते. ऊन असलेल्या रस्त्यावरून दोन मिनिटांत पांढऱ्या भिंतीत शिरल्यासारखं होतं. ९ जानेवारी २०१५ ला आय-९४ वर, कलमाझू आणि बॅटल क्रीकच्या मधे, अशाच हवेत १९३ वाहनं एकमेकांवर आदळली होती, त्यांत फटाके भरलेला एक ट्रकही होता. निघण्याआधी राज्याच्या 'माय ड्राइव्ह' नकाशावर रस्त्यांचे कॅमेरे बघावेत. पट्टा दिसला तर त्याच्या आधीच वेग उतरवावा, लो बीम ठेवावा. हाय बीमचा उजेड हिमकणांवरून परत डोळ्यांत येतो. बर्फ काढणाऱ्या प्लाऊच्या मागे भरपूर अंतर ठेवून राहावं. त्याच्या मागचा रस्ता हाच सगळ्यांत चांगला रस्ता असतो, आणि बाजूला निघालेलं त्याचं पातं उडणाऱ्या बर्फात दिसत नाही.

प्लाऊ किंवा ट्रक मिठाबरोबर खडेही उडवतात, आणि हिवाळ्यात काचेला टवके पडतात ते त्यानेच. टवका पडला की त्याच दिवशी, कोरड्या काचेवर, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. आत पाणी आणि मीठ शिरलं तर पाणी गोठून टवका रुंदावतं आणि मळ बसल्यावर दुरुस्ती डागाळलेली दिसते. नाण्याएवढ्या टवक्यात हवा ओढून रेझिन भरतात आणि अतिनील दिव्याने कडक करतात. गारठलेल्या काचेत रेझिन नीट वाहत नाही, म्हणून हे काम उबदार गराजमध्येच करून घ्यावं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन करून देणाऱ्याकडून जानेवारीत नको. विमा कंपनीला आधी विचारावं, काही पॉलिसींत टवका भरणं फुकट असतं. तडा लांबला तर काच बदलणं आलं. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या: चिकटवलेला गोंद या थंडीत पक्का व्हायला किती तास लागतील, आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन त्याच बिलात आहे का. जुन्या काचेवरचे ब्लेड नव्या काचेवर परत लावू देऊ नयेत. त्यांच्या धारेत मीठ आणि वाळू रुतलेली असते.